बिनघडीचं घर

७ मार्च, मंगळवार

वन्सं,

वर ‘सप्रेम’ लिहून खोडलं आहे, ते तुम्हाला दिसेलच. नमस्कार मात्र ठेवते. तुम्ही वयाने मोठ्या आहात. प्रेमाचं पुढे बघू.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही मला एक वाक्य धड पुरं करू देत नाही. कागदाला मध्येच तोडता येत नाही. फाडता येतो, पण तो निदान वाचून झाल्यावर फाडा.

तर पाव. भाऊजींच्या नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाला आमच्याकडून आलेला पाव तुम्ही चार लोकांसमोर कापायला घेतलात, सुरी घसरली आणि पाव कागदाचा निघाला. दातांच्या डॉक्टरच्या घरी असा पाव पाठवून मी तुमची शोभा केली, असं तुमचं म्हणणं. “तुझ्यासारख्या बायका तोंडावर बोलत नाहीत, अशी कारस्थानं करतात,” असंही म्हणालात. वन्सं, मी तोंडावरच बोलते. माझ्या लग्नापासून तुमची तीच तर तक्रार आहे.

घडलं ते असं. दुकानाच्या काचेत मांडायची खोटी फळं, खोटे पाव, खोटे केक करणं हा तुमच्या भावाचा धंदा. तुम्ही त्याला ‘कागदी उद्योग’ म्हणायचात. तो गेला, पण त्याचे साचे घरात आहेत आणि मुलांचे हात त्यांवर चालतात. रद्दी भिजवायची, खळीत मळायची, साच्यावर थापायची, वाळली की कॉफीच्या पाण्याने रंग द्यायचा. धाकटा अजून शाळेत नीट अक्षर काढत नाही, पण पावाची एक कड जरा जास्त भाजल्यासारखी कशी रंगवायची ते त्याला थेट बापासारखं जमतं.

त्या दिवशी ओट्यावर दोन पाव होते. एक मी भाजलेला. आमच्याकडे ओव्हन नाही, जाड पातेल्याच्या बुडाशी मीठ पसरून त्यात भाजते. दुसरा धाकट्याचा. मला कामाला उशीर होत होता म्हणून खोकं भरायचं मोठीवर सोपवलं. तुम्ही विचाराल, वजनावरून कळलं नाही? नाही कळलं. धाकट्याने आत वाळू भरली होती, खऱ्यासारखा जड लागावा म्हणून. हीसुद्धा त्याच्या बापाचीच युक्ती.

चूक झाली हे कबूल. अपमान केला हे साफ नाकबूल. त्यामुळे माफी मागणार नाही. उलट तुमच्यासारख्या चोखंदळ बाईने त्या पावावर सुरी चालवली, हे ऐकल्यापासून धाकटा घरभर मिरवतो आहे. आणि भाऊजी मोठ्याने हसले म्हणे. तुम्हाला माझ्यापेक्षा त्यांच्या हसण्याचा राग आला असेल, तर तो त्यांच्यावरच काढा.

खरा पाव कुठे गेला, हे तुम्ही विचारलं नाहीत म्हणून मीही सांगत नाही.

तुमची वहिनी


२० मार्च, सोमवार

वन्सं,

खरा पाव कुठे गेला ते तुम्हाला परस्पर कळलं तर. तुमच्या ओळखीच्या त्या बाई तिथे सोफा बघायला आल्या होत्या, हे आमचं नशीब. त्यांनी तुम्हाला सांगितलं की फर्निचरच्या दुकानात मला आणि मुलांना रखवालदाराने अडवलं आणि चारचौघांत झडती घेतल्यासारखं केलं. आणि तुम्ही मला कळवता, “माझ्या भावाच्या मुलांना भिकाऱ्यासारखी फिरवू नकोस.”

मग ऐकाच. दर रविवारी आम्ही त्या दुकानात जातो. चोरून नाही, पुढच्या दाराने, केस विंचरून. तिथे आत खोल्याच खोल्या मांडलेल्या आहेत: पडदे, दिवे, टेबलावर ताटं, सगळं. आम्ही एक घर निवडतो आणि तासभर त्यात राहतो. धाकट्याला दोन मजली पलंगाचं घर लागतं. मोठी दरवेळी अभ्यासाचं टेबल आणि त्यावर वाकणारा दिवा असलेलं घर मागते. मी खुर्चीत बसून पाय लांब करते. कोणी बोलावत नाही, कोणी काही मागत नाही. इतकी स्वस्त सहल तुम्ही कुठे दाखवलीत तर मी तुमचे पाय धरीन.

आमचे नियम कडक आहेत. पलंगावर बसायचं तर चपला काढून, जोडीने लावून. कपाट उघडायचं नाही. किमतीच्या चिठ्ठीला हात लावायचा नाही. उठताना चादर अशी ताणायची की कोणी बसलं होतं याची खूण राहू नये. आणि राहिलो त्या घरात आपलं काहीतरी ठेवून यायचं, रिकाम्या हाताने राहायचं नाही. म्हणून मुलं तिथल्या वाडग्यात घरी केलेलं एखादं कागदी फळ हळूच ठेवतात. त्या रविवारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर पाव ठेवला. तो माझा निघाला. आठवड्याने त्या टेबलावर मुंग्यांची रांग लागली आणि पुढच्या रविवारी रखवालदार आमचीच वाट पाहत होता.

तुमच्या बाईंनी एवढंच पाहिलं. पुढचं बघायला त्या थांबल्या नाहीत, सोफाच महत्त्वाचा. मॅनेजरबाई आल्या. मी म्हटलं, “पाव आमचा. चूक माझी. मुलांना दटावू नका.” त्यांनी वाडग्यातलं कागदी सफरचंद हातात घेतलं, फिरवून पाहिलं. म्हणाल्या, “हे पण तुमचंच?” धाकटा म्हणाला, “ते माझं. नासपती ताईचं आहे, म्हणून वाकडं झालंय.” मॅनेजरबाई म्हणाल्या, “पुढच्या वेळी खरा पाव नको. खोटा चालेल.”

तेव्हा येत्या रविवारीही आम्ही जाणार आहोत. तुमच्या बाईंना सांगा, सोफा पसंत पडला नसेल तर त्याही या.

तुमची वहिनी


३ एप्रिल, सोमवार

वन्सं,

नाही.

बाकीचं पत्र तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून लिहिते आहे, उत्तर वरच्या ओळीत संपलं.

मोठीला तुम्ही शिकायला तुमच्याकडे ठेवून घ्यायचं म्हणता. स्वतंत्र खोली, चांगली शाळा, अभ्यासाचं टेबल, दिवा. दिव्याचं तुम्हाला कोणी सांगितलं? मीच, गेल्या पत्रात. माझंच लिहिलेलं माझ्यावर उलटवता, हुशार आहात. “दोघांपैकी एक तरी मार्गाला लागेल,” असं लिहिलंत. माझ्याकडची वाट तुम्हाला मार्ग वाटत नाही, हे कळलं.

तुम्ही मागच्या वेळी आलात तेव्हा बारा वाजले तरी आमची अंथरुणं तशीच पसरलेली होती. तुम्ही नाक मुरडलंत आणि स्वतः वाकून घड्या घालायला लागलात. मी तुमच्या हातातून चादर काढून घेतली, त्याचा राग तुम्ही अजून धरून आहात. कारण तेव्हा सांगितलं नव्हतं, आता सांगते. मी हॉटेलच्या लाँड्रीत दिवसभर चादरी इस्त्री करते आणि घड्या घालते. ओल्या येतात, वाफाळत्या येतात, हात भाजतात. एक सुरकुती राहिली तर सगळा गठ्ठा परत. लग्नानंतर घरी येऊन मी पुन्हा अंथरुणाच्या घड्या घालायला लागले, तेव्हा तुमच्या भावाने माझा हात धरला. म्हणाला, “बाहेर घालतेस तेवढ्या पुरे. या घरात चादरीला घडी नाही.” तेव्हापासून आमच्याकडे कोणी अंथरूण आवरत नाही. दोन खुर्च्या आणि चादर मिळाली की मुलांचा तंबू होतो, जहाज होतं, इस्पितळ होतं. याला तुम्ही गबाळेपणा म्हणता. म्हणा. आम्ही याला घर म्हणतो.

तुमच्या घरात मूल नाही, यावरून मी आजवर तुम्हाला कधी काही बोलले नाही आणि आजही बोलणार नाही. पण मुलगी म्हणजे काही वाटीभर साखर नव्हे, की शेजारी मागितली आणि दिली.

तुमची वहिनी


१९ एप्रिल, बुधवार

वन्सं,

हे पत्र मोठीच्याच हाती पाठवते आहे. वाचलं की तिच्यासमोर तोंड वाकडं करू नका, ती चेहरे वाचते.

माझ्या नकारानंतर तुम्ही सरळ तिलाच फोन केलात. मी कामावर असताना. मला हे आवडलं नाही आणि आवडलं असं मी दाखवणारही नाही. त्या दिवशी मी केक पातेल्यात ठेवला होता. मोठी ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “आई, मला आत्याकडे जायचंय.”

मी म्हटलं, “सुट्टीपुरतं?”

ती म्हणाली, “बघू.”

हे ‘बघू’ तिने माझ्याकडून उचललं आहे. मी ‘बघू’ म्हणते तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, ते मला माहीत आहे. केक खालून काळा ठिक्कर झाला. धाकट्याने वरचा वरचा खाल्ला आणि म्हणाला, “छान खमंग झालाय.” देव त्याचं भलं करो.

तर मी तिला पाठवते आहे. देत नाही. यातला फरक तुमच्या लक्षात असू द्या. तिला दुधावरची साय चालत नाही. पुस्तक वाचताना हाक मारली तर तिसऱ्यांदा ओ देते, त्याला उद्धटपणा समजू नका. रागावली की दार आपटते. तिची नखं कुरतडायची सवय मी सोडवू शकले नाही. तुम्हाला जमलं तर तेवढं श्रेय तुमचं.

पिशवीत बिस्किटांचा डबा आहे. ती खरी आहेत. मी स्वतः एक चावून पाहिलं आहे.

तुमची वहिनी


४ मे, गुरुवार

वन्सं,

शाळेच्या प्रवेशाचे कागद पोचले. जिथे सही करायची तिथे तुम्ही पेन्सिलने फुली मारली आहे, जशी काही मला जागा सापडली नसती.

खरं सांगते, रागाने नाही. हे कागद चार दिवस डब्यांच्या फळीवर आहेत आणि मी अजून फाडलेले नाहीत. मोठी फोनवर म्हणते, “सगळं छान आहे.” टेबल छान, दिवा छान, आत्या छान, काका छान. मी विचारलं, “कंटाळा येतो का?” तर “नाही, छान आहे.” मग तुम्ही फोन घेता आणि म्हणता, “ऐकलंस ना?”

रविवारी मी धाकट्याला घेऊन दुकानात गेले. टेबल-दिव्याच्या घरापाशी तो म्हणाला, “इथे नको, इथली मुलगी गावाला गेलीय.” मग आम्ही फार वेळ राहिलो नाही. बाहेर पायरीवर बसून पाव खाल्ला आणि घरी आलो.

मी तिला टेबल देऊ शकत नाही. ओट्याच्या कोपऱ्यावर भाजीची परडी सरकवून ती अभ्यास करते, आणि पिठाचे हात तिच्या वहीला लागतात. हे मला दिसत नाही असं समजू नका. तुमच्यासमोर मान खाली घालायची नाही म्हणून मी आजवर ते बोलले नाही, एवढंच. तिला खरंच तिथे बरं वाटत असेल, तर माझ्या हट्टापायी तिचं नुकसान करणारी मी कोण? ती कशी राहते, काय करते, ते मला सविस्तर लिहा. ‘छान’ सोडून लिहा. मग मी पेन हातात घेते.

तुमची वहिनी


१० मे, बुधवार

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही मनापासून लिहिलं आहे, हे जाणवलं. तुमची एवढी लांब आणि एवढी आनंदी ओळ मी कधी वाचली नव्हती. त्यातल्या काही ओळी तुम्हालाच परत वाचून दाखवते.

‘मुलगी इतकी शिस्तीची झाली आहे की सांगता सोय नाही. सकाळी उठली की पलंगावरची चादर अशी ताणते, की रात्री तिथे कोणी झोपलं होतं हे सांगूनही पटू नये. चपला जोडीने दाराशी. विचारल्याशिवाय कपाटाला हात लावत नाही. हाक मारली की पहिल्या हाकेला उभी. एवढ्या दिवसांत एकदाही आवाज चढवला नाही की दार आपटलं नाही. आणि गंमत म्हणजे रोज आमच्या टेबलावर एक कागदाचं फळ करून ठेवते.’

हे मी धाकट्याला वाचून दाखवलं. तो तंबूत होता. आतूनच म्हणाला, “मग ती दुकानात राहते का?”

वन्सं, तुम्ही लावलेली ही शिस्त नाही. हे आमचे रविवारचे नियम आहेत. दुसऱ्याच्या घरात तासभर राहायचं तर कसं राहायचं, ते मीच तिला शिकवलं आणि ती अक्षर न अक्षर पाळते आहे. माझ्या लेकीने तुमच्या घरात एकदाही दार आपटलं नाही, हे तुम्ही कौतुकाने लिहिता. ते वाचून मी बसची चौकशी करून आले.

कागदांवर मी सही केलेली नाही. शनिवारी सकाळच्या पहिल्या बसने निघते. तुम्ही म्हणाल, हट्टी आहे, मुलीच्या भल्याच्या आड येते. तर माझाही शब्द घ्या: तिच्या खोलीत मला एक उलटा पडलेला मोजा दिसला, गादीखाली लपवलेलं एक बिस्कीट दिसलं, चादरीवर एक सुरकुती दिसली, तर मी तिथल्या तिथे सही करीन, तुमच्या हातचा चहा पिईन आणि एकटी परत जाईन. भाऊजींना साक्षीदार ठेवा.

आणि नाही दिसली, तर मला अडवू नका. तुम्ही मोठ्या आहात, पण त्या दारात मी तुमचं ऐकणार नाही.

तुमची वहिनी


१६ मे, मंगळवार

वन्सं,

पोचलो. मोठीने घरात पाऊल टाकलं, पिशवी दाराच्या मधोमध टाकली, एक चप्पल इकडे, एक तिकडे. धाकट्याने तिची जागा बळकावली म्हणून दोघांची जुंपली आणि तिने न्हाणीघराचं दार असं आपटलं की वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठी वाजवली. मी ओरडले. इतकं बरं वाटलं ओरडून, काय सांगू.

शनिवारचं आपण दोघींनीही पाहिलं, पण तुम्ही बोलणार नाही म्हणून मी लिहिते. खोली सुंदर आहे, नाकारत नाही. पलंगावर एक सुरकुती नव्हती. दिवसभर तेच करणाऱ्या बाईला एक चूक सापडली नाही. ती पलंगाच्या कडेला टेकून बसली होती, आणि टेबलावरच्या दिव्याच्या दोरीला दुकानाची किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती. मी विचारलं, “ही का नाही काढलीस?”

ती म्हणाली, “आपली नाही ना.”

तुम्ही माझ्या मागेच उभ्या होतात. मला वाटलं आता बोलाल, माझ्या नावाने खडे फोडाल. मी उत्तरं तयार ठेवली होती, बसमध्ये सगळा वेळ तेच केलं होतं. तुम्ही गेलात, कात्री घेऊन आलात, चिठ्ठी कापलीत आणि दिवा तिच्या हातात दिलात. म्हणालात, “आता तुझा. ने.” मग तिने तुम्हाला मिठी मारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ना? तुमच्या हातांवरून कळलं मला. कुठे ठेवावेत, ते त्यांना कळत नव्हतं.

दिवा ओट्यावर आहे. भाजीची परडी कायमची खाली गेली. पहिल्याच दिवशी त्यावर पिठाचा हात उमटला, पुसू देत नाही ती.

आता माझं म्हणणं. ती पुन्हा तुमच्याकडे येईल, धाकटाही येईल, पण पाहुणी म्हणून तिला ठेवायचं नाही. आल्या आल्या तिला ओरडायचं. जमत नसेल तर आधी इथे येऊन शिकून जा. रविवारी या, भाऊजींना आणा, आपण सगळे दुकानात राहायला जाऊ. मॅनेजरबाईंनी मुलांकडे खोटे पाव मागितले आहेत, सगळ्या टेबलांसाठी. तुम्हाला साच्यावर रद्दी थापायला बसवीन, हात खराब झाले तरी चालतील. येताना ती सुरी आणा. खरा पाव कापू आणि तुमची खात्री पटेपर्यंत तुम्हीच कापा.

माफी मी अजूनही मागत नाही. तुम्हीही मागू नका, आपल्या दोघींना ते शोभत नाही.

एकच सांगायचं राहिलं. निघताना मोठीचं स्वेटर राहिलं म्हणून मी जिन्यावरून परत वर आले होते. तुम्हाला चाहूल लागली नाही. तुम्ही तिच्या पलंगावर बसला होतात, पाय वर घेऊन, चपलांसकट, उशी पोटाशी धरून. चादर पार चोळामोळा झाली होती. मी स्वेटर न घेताच खाली गेले. ते तिथेच असू द्या, तिला लागेल तेव्हा ती येऊन घेईल.

आणि वन्सं, ती चादर सरळ करू नका.

सप्रेम,
तुमची वहिनी